दहा वाजून दहा मिनिटं

आमच्या बाबांना चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करूनही एक गोष्ट जमलेली नाही, ती म्हणजे वेळेवर काम देणं. त्यामुळे "शनिवारी संध्याकाळी पाचला तुमचं घड्याळ पाच ठोके देईल" असं त्यांनी भूगोलाच्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं, तेव्हाच मी कपाळावर हात मारून घेतला होता. आता शनिवार उजाडून दुपारचा एक वाजला होता. घड्याळ दुकानाच्या मागच्या खोलीत, टेबलावर, दोनशेवर तुकड्यांत पडलं होतं आणि बाबा तडकलेल्या काचेचा फोन खिडकीकडे धरून डोळे बारीक करत होते.

"अगं, यात काही म्हणजे काही दिसत नाही. तुझ्या कॉम्प्युटरवर मोठे करून दे ना फोटो."

साठी उलटल्यापासून बाबांची एक पद्धत आहे. एक स्क्रू काढला की एक फोटो. मग जोडताना शेवटच्या फोटोपासून पहिल्यापर्यंत उलटं यायचं. पद्धत चांगली आहे, फक्त माणूस बाबा आहेत.

भूगोलाच्या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्यांचं लंबकाचं घड्याळ बारा वर्षं मुकं होतं आणि तीन दुकानांनी ते हात जोडून परत केलं होतं. "तुमच्याकडूनही झालं नाही तर भंगारात देते," त्या म्हणाल्या होत्या, "आणि पुन्हा कुठल्या घड्याळाच्या दुकानाची पायरी चढत नाही." बाबांना लागलं ते दुसरं वाक्य. कारण गेले आठ दिवस बाई रोज येऊन समोर बसत होत्या, मफलर विणत होत्या, आणि आमचा हा माणूस घड्याळ खोलायचं दीड तासाचं काम आठ दिवस पुरवत होता. वर गुणगुणत होता! आई गेल्यापासून सहा वर्षांत मी बाबांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. घड्याळ गेलं खड्ड्यात, मला ती गुणगुण हवी होती.

मी वायर जोडली. काही झालं नाही. ती वायर फक्त चार्जिंगची निघाली. दुसरी वायर मिक्सरमागे सापडली. ती लावली, तर फोनचं नाव कॉम्प्युटरवर आलं आणि आत फोल्डर रिकामं.

"गेले! सगळे फोटो गेले!" बाबा मटकन खुर्चीत बसले.

"गेले नाहीत. तुमचा फोन लॉक आहे. उघडा, आणि परवानगी विचारतोय तिथे हो म्हणा."

"मला न विचारता घेत नाही, शहाणा आहे," म्हणत त्यांनी अंगठा टेकवला. मग फोटो भराभर यायला लागले. तीन हजार एकशे चाळीस. फोन गच्च भरला होता म्हणून मी नुसते कॉपी न करता सगळे उचलूनच इकडे आणले. त्यातले या घड्याळाचे दोनशे बारा वेगळे काढले, तारखेप्रमाणे लावले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

दोनशे बाराच्या दोनशे बारा एकाच दिवशी काढलेले. मंगळवार, तोही आठ महिन्यांपूर्वीचा. वेळ दहा वाजून अकरा, दहा वाजून अकरा, दहा वाजून पंधरा. पहिल्या फोटोत सुटी चाकं, दुसऱ्यात अख्खं घड्याळ, तिसऱ्यात नुसता लंबक.

"बाबा, फोनच्या वेळेला हात लावलात?"

"लावतो की. काउंटरवर उभा करताना दहा-दहावर लावतो. दुकानात मांडलेलं घड्याळ दहा वाजून दहावरच शोभतं, हसल्यासारखं दिसतं. पडद्यावर काट्यांची तबकडी तूच दिलीस ना लावून?"

"दिवसातून किती वेळा?"

"नाराज दिसलं की लावतो."

रोज सकाळ-संध्याकाळ काटे मागे, त्यामुळे बिचाऱ्या फोनने आठ महिन्यांत रात्रीचे बारा पाहिलेच नव्हते. गावाला वेळ सांगणाऱ्या माणसाच्या खिशात कायमचा मंगळवार! याला म्हणतात दिव्याखाली अंधार. मी इतकी चिडले की हसायलाच लागले, आणि मला बघून बाबाही हसले. मग दोघांनी भिंतीकडे पाहिलं. पावणेदोन. हसू गेलं.

मी एकेक फोटो मोठा करून बघत बसले. चाकामागून चाक, सगळी सारखी. बाबांचा चेहरा उतरत चालला होता. "येतील आणि पिशवीत तुकडे भरून नेतील," ते म्हणाले. "परत कशाला येतील?"

तेवढ्यात मला ते दिसलं. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात मोहरी रंगाची एक बोटभर पट्टी. पुढच्यात तीच पट्टी वीतभर, खाली निळी लागलेली. बाईंचा मफलर! बाई रोज रंग बदलायच्या.

"बाबा! मफलर जितका लांब, तितका फोटो नंतरचा!"

बाबा उठून नाचले. खरंच नाचले, आणि दोन स्क्रू खाली पाडले. मी पट्टी घेऊन पडद्यावर मफलर मोजायला बसले, ते टेबलाखाली रांगायला. अर्ध्या तासात सगळे फोटो रांगेत आले, आणि मग मला आणखी एक गोष्ट दिसली. बाकी गिऱ्हाइकांच्या फोटोंत नुसती घड्याळं होती. इथे मात्र मफलर एकाही फोटोतून सुटला नव्हता. तिसऱ्या दिवशी मफलरासोबत सुया आल्या, पाचव्या दिवशी बोटं, सातव्या दिवशी चष्मा. शुक्रवारच्या फोटोंत तर घड्याळ शोधावं लागत होतं.

"कॅमेरा हलला," बाबा म्हणाले.

"वीस वेळा?"

"हात थरथरतात गं आताशा."

"आणि आता हे वीस तुकडे कशावरून जोडणार?"

"ते राहू दे," बाबा तबकडीकडे बघत म्हणाले. "शुक्रवारचं सगळं आठवतंय मला."

आणि खरंच आठवत होतं. त्यानंतर मी पडद्यावर फोटो सरकवायचा, त्यांनी डोळ्याला भिंग लावून तुकडा बसवायचा. मफलर उसवत जावा तसा पडद्यावर आखूड होत गेला आणि इकडे घड्याळ भरत गेलं. साडेचारला मफलर बोटभर उरला आणि शेवटचा स्क्रू बसला. बाबांनी चावी दिली, काटा फिरवून पाचवर आणला. बारा वर्षं मुकं असलेलं ते घड्याळ बोललं. पाच ठोके. मी माझ्या कानांनी मोजले, आणि सांगायला लाज कसली, मला रडू आलं.

"आता काटे मागे घेऊन ठोके जुळवतो," बाबा म्हणाले. "तू चहा टाक."

ठोके जुळवायला अर्धं मिनिट लागतं. आतली एक तार बोटाने उचलायची, की ठोक्यांची मोजणी एकेक तास पुढे सरकते, बस. बाबांनी मला ते दहाव्या वर्षीच शिकवलं होतं. मी चहा घेऊन आले तेव्हाही ते घड्याळावर वाकलेले होते आणि गुणगुणत होते.

पाचला पाच कमी असताना बाई आल्या. बाबांनी मधेच शुक्रवारचा फोटो परत लावला होता आणि अख्ख्या पडद्यावर बाईच चष्मा पुसत पसरल्या होत्या, म्हणून मी धावत जाऊन पडदाच बंद केला. त्यांनी पाहिलं की नाही, कोण जाणे. मग आम्ही तिघं घड्याळासमोर उभे राहिलो. काटा बारावर गेला. एक. दोन. तीन. चार.

आम्ही वाट पाहिली. पुढे काही नाही.

"चारच," बाई म्हणाल्या.

"एक कमी पडला," बाबा अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "पुन्हा सगळं उघडावं लागेल. आठ दिवस तरी धरा."

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात बिस्कीट कोंबलं.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, बाबांच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून पिशवीतून सुया काढल्या. "आठ नको, दहा धरा," त्या म्हणाल्या. "मफलरही तुमच्या मानेला अजून वीतभर कमी पडतोय."

बाबांनी पहिला स्क्रू काढला आणि फोन उचलला.

"अगं, यात जागा आहे का?"

"भरपूर," मी म्हणाले. "सगळा रिकामा करून ठेवलाय."