मुकादमाचं उट्टं

मुकादमाला घराबाहेर काढलं त्या संध्याकाळी बेबीने मनाशी पक्कं केलं की वहिनीला आता सोडायचं नाही. वेळ लागला तर लागू दे. आणि बेबीने एकदा डूख धरला की धरला, हे सगळ्या नात्यात माहीत होतं. शाळेत जिने हिची पट्टी मोडली, त्या मैत्रिणीच्या लग्नालासुद्धा ही बया गेली नव्हती. का गेली नाहीस म्हणून विचारलं तर सरळ सांगायची, पट्टी.

मुकादम म्हणजे तिचा बोका. करडा, रुंद तोंडाचा, चालायचा असा की जणू घराचे कागद ह्याच्याच नावावर आहेत. सकाळी उठला की प्रत्येक खोलीत डोकावून कोण कामाला लागलंय आणि कोण लोळतंय ते बघून यायचा. म्हणून दादाने त्याला मुकादम म्हणायला सुरुवात केली. दादानेच, बरं का. दादाचा त्या बोक्यावर काडीचा राग नव्हता.

दादा म्हणजे बेबीचा थोरला भाऊ. आई गेली तेव्हा बेबी शाळेत जाणारी होती, आणि तिच्या वेण्या दादा घालायचा. वाकड्या घालायचा, पण घालायचा. पुढे त्याचं लग्न झालं, वहिनी आली, बेबीचं काही जमलं नाही, आणि तिघं त्याच आईवडिलांच्या घरात राहिली. ह्या माणसासाठी बेबीने जीव टाकला असता. निदान तिची तशी समजूत होती.

त्या वर्षी दादाला दम लागायला लागला. जिना चढला की छातीत शीळ वाजायची, बोलता बोलता वाक्य अर्ध्यात तुटायचं, खिशात सदा तो औषधाचा पंप. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात प्राणी आहे का. वहिनी जणू वाटच बघत होती. पण डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, एकदम काढून टाकू नका, आधी घर नीट करून बघा. बोक्याला झोपायच्या खोलीत येऊ द्यायचं नाही, रोज गॅलरीत नेऊन विंचरायचं, चादरी-उशा गरम पाण्यात धुवायच्या, एसीच्या जाळ्या साफ ठेवायच्या, जमलं तर हवा गाळणारं यंत्र आणायचं. मग बघू.

बेबी दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. ती एका मोठ्या लाँड्रीत होती, धुणं हा तिच्या हातचा मळ. चादरी उकळल्या, पडदे उतरवले, एसीच्या जाळ्या नळाखाली धरल्या तर त्यातून काळं पाणी निघालं. मुकादमाला गॅलरीत घेऊन ब्रशने असं विंचरलं की तो अपमान झाल्यासारखा तिच्याकडे बघायला लागला. आणि एवढा जिवाचा आटापिटा चालू असताना, एका दुपारी ती कामावर गेलेली बघून वहिनीने काय करावं? तिच्या मावसभावाचं धान्याचं गोदाम होतं, तिथे उंदीर फार झाले होते. फळांच्या खोक्यात मुकादमाला कोंबला आणि दिला पाठवून. बोक्याला घालवलं ते घालवलं, विचारलंसुद्धा नाही!

संध्याकाळी बेबी घरी आली तेव्हा वहिनीने तिला चहा दिला आणि म्हणाली की रागावू नको, पण ह्यांचा श्वास आधी. वर हेही म्हणाली की बघ, घर कसं हलकं वाटतंय. बेबीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने दादाकडे बघितलं. दादा कपातल्या चहाकडे बघत बसला होता. चहात काही नव्हतं.

आता ह्या घराची एक खोड सांगायला हवी. ह्या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढत नाहीत. बेबीच्या वडिलांपासूनची पद्धत. सोफ्यावर दुकानातून आलेलं प्लॅस्टिक तसंच, त्याला मांड्या चिकटतात. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर. फ्रिजच्या दांड्यावरचं प्लॅस्टिक पिवळं पडून तडकलं तरी जागेवर. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिने मोठ्या हौसेने सोफ्याचं एक टोक फाडलं होतं, तर दादा एवढासा चेहरा करून म्हणाला होता, अगं, नवं राहतं ना. त्या टोकाला त्याने चिकटपट्टी लावली. तेव्हापासून वहिनीने हात जोडले होते. बेबीला मात्र ते प्लॅस्टिक दिसतच नसे, माणसाला स्वतःचं नाक जसं दिसत नाही तसं.

मुकादम गेल्यानंतर लगेचच वहिनीने प्युरिफायर आणला. बेबी कामावरून आली तर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पांढरा उभा डबा, वर हिरवा दिवा, आणि बाजूला वहिनी अशी उभी की जणू तिनेच तो प्रसवला होता. दिवसभर घुं घुं. येणाऱ्याजाणाऱ्याला वहिनी तो दिवा दाखवायची आणि सांगायची की मांजर गेलं, यंत्र आलं, आता ह्यांना बरं वाटेल. बेबी मूग गिळून ऐकायची. मुकादमाची जेवायची वाटी वहिनीने कपड्यांचे चिमटे ठेवायला घेतली होती. तेही बेबीने बघितलं, आणि मनात नीट जपून ठेवलं.

दादाला बरं वाटत नव्हतं. उलट शीळ वाढलीच होती.

एका सुट्टीच्या सकाळी बेबी दिवाणखाना पुसत होती. घरात कोणी नव्हतं. तिला एकदम वाटलं, ह्या डब्याने इतके दिवस घरातली हवा ओढलीये, तर आत कुठेतरी मुकादमाचे केस अडकले असतील. हसाल तर हसा, पण तेवढेसे करडे केस बघायला तिने मागचं झाकण उघडलं. आत केस नव्हते. धूळही नव्हती. आत फिल्टर होता, घड्याघड्यांचा, पांढराशुभ्र, आणि तो बंद पिशवीत होता. कारखान्यातून आला तसा. पिशवीचं तोंड चिकटवलेलं, तळाशी ओल धरू नये म्हणून ठेवलेली ती छोटी पुडीसुद्धा जागेवर.

लाँड्रीत बेबी रोज ड्रायरच्या जाळ्या काढून साफ करत होती. कपडे वाळले की जाळीवर धाग्यांची साय धरते. जी जाळी कोरी राहते तिच्यातून हवा जात नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. हा डबा इतके दिवस नुसता आवाज करत होता. हवा इकडची तिकडे होत होती, धुळीसकट, केसांसकट.

पिशवी काढायला किती वेळ लागतो? कात्री समोरच्या खणात होती. बेबीचा हात खणापर्यंत गेलाही. पण मग तिच्या डोळ्यांसमोर वहिनीचा चेहरा आला, हिरव्या दिव्याशेजारी उभा असलेला. एवढी मोठी चूक, एवढी तोंडात शेण घालायला लावणारी चूक, अशी एकट्याने गुपचूप दुरुस्त करायची? छे. ही तर चारचौघांत वाढायची गोष्ट. आणि चारचौघं यायचीच होती. वहिनीच्या माहेरची मंडळी, तिची आई आणि ती टोचून बोलणारी थोरली बहीण, पुढच्या रविवारी चहाला येणार होती. बेबीने झाकण लावलं, वरून ओलं फडकं फिरवलं आणि शीळ घालत फरशी पुसायला घेतली.

तो आठवडा बेबीने मजेत काढला म्हणावं तर तसं नाही. रोज पुसायच्या निमित्ताने ती झाकण किलकिलं करायची, पिशवी आहे ना बघायची, आणि तिच्या पोटात गार वाटायचं. पण भिंतीपलीकडून दादाचा खोकला यायचा. तो आता उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचा. एका संध्याकाळी तो तिला काहीतरी मजेशीर सांगायला आला, ऑफिसातल्या शिपायाची काहीतरी गंमत होती, आणि गंमत निम्म्यावर आली तिथे त्याचा श्वास संपला. तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. पंप ओढला. मग हाताने खूण केली की राहू दे, नंतर सांगतो.

बेबी उठली. तडक दिवाणखान्यात गेली, झाकणाला हात घातला. तेवढ्यात वहिनी गॅलरीतून आली, हातात ती वाटी, वाटीत चिमटे. बेबीने हात काढून घेतला. रविवार काही लांब नाही, तिने स्वतःला समजावलं. इतके दिवस गेले, आणखी थोडे. मांजराच्या वाटीत चिमटे ठेवतेस काय?

रविवारी मंडळी आली. सोफ्याच्या प्लॅस्टिकवर करकर करत बसली. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत होता, चेहरा फिका, पण सगळ्यांशी हसून बोलणं चाललं होतं. चहा झाला, आणि वहिनी अपेक्षेप्रमाणे उठून डब्यापाशी गेली. किती खोल्यांची हवा गाळतो, कसा आपोआप वेग वाढवतो, सगळं सांगितलं. तिच्या आईने कौतुकाने मान हलवली. थोरल्या बहिणीने विचारलं की मग भावोजींचा खोकला का थांबत नाही. वहिनी म्हणाली, मांजराचे केस घरात फार दिवस राहतात, वेळ लागतो.

हीच वेळ. बेबीने कप खाली ठेवला.

"वहिनी, आतला फिल्टर दाखव ना सगळ्यांना," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "किती घाण अडकलीये ते तरी कळू दे."

वहिनीने हौसेने झाकण काढलं. फिल्टर बाहेर ओढला. पिशवी चुरचुरली. सगळ्या दिवाणखान्यात तेवढाच आवाज झाला. थोरली बहीण आधी नीट बघत राहिली आणि मग फस्सकन हसली. वहिनीची आई म्हणाली, अगं बाई, हे काय गं. वहिनीच्या कानापर्यंत रक्त चढलं. ती हातातल्या त्या पांढऱ्या ठोकळ्याकडे बघत उभी राहिली, आणि बेबीचा ऊर असा भरून आला की तिला थांबताच येईना.

"माझ्या मुक्या जनावराला खोक्यात कोंबून घालवलंस," ती म्हणाली, "आणि हवा गाळायला बसवलीस ती बंद पिशवी. रोज दिवा दाखवत होतीस लोकांना. मी रोज झाकण उघडून बघत होते, वहिनी. रोज. म्हटलं, बघू तर खरं, बाईसाहेबांच्या कधी लक्षात येतंय."

वहिनीने बेबीकडे बघितलंसुद्धा नाही. ती दादाकडे बघत होती. आणि दादा हळूच म्हणाला, "तो मी बसवलाय."

दादा थांबत थांबत सांगत होता. यंत्र आलं त्या दिवशी वहिनी बोक्याचे केस काढायला गाद्या झटकत होती, जोडणी त्याने केली. पिशवी त्याने मुद्दाम ठेवली. कोरा फिल्टर, लगेच खराब कशाला करा. हवा बाजूने जात असेल असं त्याला वाटलं. हे सांगताना तो ओशाळं हसला, वडील हसायचे तसा.

बेबीच्या अंगातून सगळी हवा गेली. अरे देवा. सोफा, रिमोट, फ्रिज. ह्या घरात पिशवी कोण ठेवतं हे तिला कळायला नको होतं का? ती ह्याच घरात वाढली होती. वहिनी ह्या घरात प्लॅस्टिक फाडणारी एकटी बाई.

"बेबी," दादा म्हणाला, "तू रोज बघत होतीस?"

तिने खाली ठेवलेला कप परत उचलला.

"मी खोकत होतो तेव्हासुद्धा?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता. त्याला वाटत होतं, असेल काहीतरी उत्तर.

पिशवी वहिनीने दाताने फाडली. पाहुणे लवकर गेले.

पुढे दादाला हळूहळू उतार पडला. फिल्टरवर करडी साय धरली, तेव्हा त्याच्या छातीतली शीळ कमी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोली वेगळी ठेवा आणि बोका आणायचा तर आणा. मग वहिनी स्वतः गोदामात गेली आणि मुकादमाला त्याच फळांच्या खोक्यातून घेऊन आली. वाटी घासून पुसून बेबीच्या समोर ठेवली. आत्तापर्यंत ती बेबीला बेबी म्हणायची, अगं-तुगं करायची.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमचं जनावर. सांभाळा तुम्ही."

तेवढंच. भांडली नाही, टोमणा मारला नाही. तेव्हापासून वन्सं आणि तुम्ही.

बेबी आता सगळं करते. मुकादमाला गॅलरीत विंचरते, चादरी उकळते, एसीच्या जाळ्या धुते, दर रविवारी फिल्टरच्या बाहेरची जाळी काढून मऊ ब्रशने झाडते, आतल्याला पाणी लागू देत नाही. लाँड्रीतसुद्धा एवढ्या निगुतीने कोणी करत नसेल. दादा तिच्याशी पूर्वीसारखा बोलतो. शिपायाची ती गंमतही त्याने पुरी सांगितली, आणि ती हसली.

फक्त संध्याकाळी ऑफिसातून आला की तो बूट काढतो, मुकादमाच्या पाठीवरून हात फिरवतो, मग डब्यापाशी जातो. बेबी समोरच बसलेली असते. तिला तो विचारत नाही. झाकण उघडतो, वाकून आत बघतो, आणि परत लावतो.