ज्ञानेश्वरी विनाथांबा

अंगदच्या फ्लॅटमध्ये दोन बेडरूम होत्या. एकीत माणसं झोपत, दुसरीत सायकली. सायकलींच्या खोलीला एक्झॉस्ट फॅन होता, माणसांच्या खोलीला नव्हता. पाहुणे आले की हॉलमध्ये झोपायचे, कारण सायकलींना हॉलची सवय नव्हती.

"अहो, ती मधली जरा सरकवा ना," बायको आरती दारातून म्हणायची, "मागच्या कपाटात माझी पैठणी आहे. चार वर्षं झाली भेट नाही."

"सरकवली तर तिची सेटिंग बिघडते."

"मागच्या जन्मी तुम्ही पंक्चरचं दुकान होता," आरती म्हणायची. दुकानदार नव्हे, दुकान.

सायकली सात. एक पहिल्या पगारातली, लोखंडी, आता जिना चढवताना माणसालाच दम लागेल अशी. एक जाडजूड टायरांची, तिला शेजारची पोरं म्हैस म्हणत. एक कार्बनची, इतकी हलकी की आरतीने एकदा झाडता झाडता ती केरसुणीनेच बाजूला केली होती. सातही डोंगरात चालवायच्या आणि सातांपैकी एकीलाही स्टँड नाही. डोंगरातल्या सायकलीला स्टँड लावणं म्हणजे घोड्याला खुर्ची देणं, असं अंगदचं मत. त्यामुळे तो कुठेही गेला की आधी भिंत शोधायचा. पंचवीस वर्षांत त्याने जिल्ह्यातला क्वचितच एखादा घाट सोडला असेल, पण विचारलं तर त्याला डोंगरांपेक्षा भिंतीच जास्त आठवायच्या.

यंदा नगरच्या सायकल मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब. गुडघ्यामुळे त्यांनी सायकल सोडली होती, अध्यक्षपद गुडघ्यावर नसल्याने ते ठेवलं होतं. त्यांनी दोन पानी फॉर्म पाठवला. प्रश्न चौथा : सायकलींचा संग्रह (नाव, गिअर, स्वभाव). प्रश्न पाचवा : आपली पहिली सायकल. हयात असल्यास स्टेजवर आणावी.

चौथ्या प्रश्नाला अंगदने जादा पुरवणी जोडली. पाचव्यासमोर लिहिलं : भाड्याची, तासाला एक रुपया. हे तो इतकी वर्षं सांगत आला होता की आता त्या भाड्याच्या दुकानाला पत्र्याचं छत होतं आणि दुकानदाराला मिशा होत्या. दोन्ही गोष्टी त्याने स्वतःच बसवल्या होत्या.

फॉर्म पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिसगावहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, माझी सायकल घावली!"

"कुठली सायकल?" अंगदने विचारलं. ज्ञानेश्वरीच्या आयुष्यात एकच सायकल झाली होती, तरी विचारलं.

"आरं कुठली काय? विनाथांबा! चोरीला गेल्ती ती. आपल्या जुन्या वस्तीवरच्या पडक्या हिरीतला गाळ काढायलेत न्हवं, जेसीबीच्या बकिटात वर आली. नुसती लोंबकळत हुती, जत्रंतल्या पाळण्यावानी."

अंगद सायकलींच्या खोलीत जाऊन म्हशीच्या सीटवर बसला.

"नाव गेलं पुसून, खाली 'श्वरी विनाथांबा' तेवढं राहिलंय," ज्ञानेश्वरी सांगत होती. "लोकं म्हनली राजेश्वरी आसंल, कोन म्हनलं परमेश्वरी. मी म्हनलं बाजूला व्हा, माझी हाय. आता गावात तीन मतं हायेत. एक, चोराला पस्तावा झाला. दोन, चोर सायकलीसकट हिरीत पडला. ह्या मताचे दोघं जन सांच्यापारी पतुर गाळात चोर हुडकत हुते. तिसरं मत पुंजाराममामाचं. ते म्हनतेत, कोनी न्हेलीच न्हाई, नावच विनाथांबा, तीच गेली."

"आणि तुझं काय मत?"

"माझं कशाला मत? मला सायकल घावली. तू ये रविवारी. तुझ्याइतकं सायकलीतलं कोनाला कळतंय? नीट करून देशील ना?"

अंगदने हो म्हटलं. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ म्हशीवरच बसून राहिला. ती एक इंचही पुढे गेली नाही.

ज्ञानेश्वरी आठवीत गेली तेव्हा कुठल्याशा ट्रस्टने शाळेतल्या पाच मुलींना सायकली दिल्या होत्या. शाळा तिसगावात, वस्ती पाच किलोमीटर आत. सायकलीच्या चेनकव्हरवर नाव घालायला तिने पेंटरला गाठलं. तो पेंटर एरवी जीप आणि टेम्पो रंगवायचा. त्याने "ज्ञानेश्वरी" लिहिलं आणि जागा उरली म्हणून सवयीने "विनाथांबा" पण लिहून टाकलं. वडील चिडले. ज्ञानेश्वरीला मात्र ते फार आवडलं. त्या दिवसापासून ती रस्त्यात कुणी हाक मारली तरी थांबायची नाही. "बोर्ड वाचा की," म्हणायची आणि पुढे जायची.

आईवडील दिवाळीच्या आधी ऊसतोडीला जायचे. अंगद नगरच्या बोर्डिंगात. त्या वर्षी पहिल्यांदाच ठरलं, की ज्ञानेश्वरीने आईवडिलांबरोबर टोळीत भाकऱ्या थापायला जायचं नाही. चांगुणाआत्याजवळ वस्तीवर राहायचं आणि सायकलवर शाळा करायची.

सप्टेंबरातल्या एका रविवारी अंगद बोर्डिंगातून घरी आला होता. न विचारता त्याने ती सायकल काढली, वृद्धेश्वरच्या डोंगरात ढकलत नेली आणि वरून सोडली. बास्केटवाली, गुलाबी, लेडीज सायकल. तसा उतार त्याला पुन्हा कधी मिळाला नाही. नंतर त्याने सात सायकली घेतल्या त्या तोच उतार परत मिळावा म्हणून, आणि हे त्याने आरतीलाही सांगितलं नव्हतं. अर्ध्यात ब्रेक गेले. तो एका दगडावर, सायकल दुसऱ्या दगडावर. पुढचं चाक इंग्रजी आठसारखं वाकलं.

आज त्याने ते वीस मिनिटांत सरळ केलं असतं. तेव्हा त्याला एवढंच कळलं की वडील मारतील. त्याने सायकल खांद्यावर घेऊन वस्तीच्या मागच्या पडक्या विहिरीपर्यंत आणली, आत सोडली आणि घरी येऊन सांगितलं, बाजारात दोघांनी मला ढकलून सायकल पळवली.

कोपर सोललेलं होतंच. ज्ञानेश्वरी रडत रडत त्यावर हळद लावत होती.

नुसती सायकल गेली असती तर कदाचित निभावलं असतं. पोरगी चालत गेली असती. पण आई म्हणाली, "चोरटे फिरायलेत, जवान पोरीला एकटी कशी सोडायची?" दिवाळीच्या आधी ज्ञानेश्वरी ट्रकमध्ये भांड्यांवर बसून टोळीबरोबर गेली. पुढच्या वर्षी पण गेली. मग तिच्या हातात कोयता आला आणि आठवी ब च्या हजेरीपटावरून नाव गेलं. अंगदने दोन्ही चोर स्वतः तयार केले होते, पण बहीण घेऊन गेल्यावर ते त्याच्या हातात राहिले नाहीत.

पुढे दर नवी सायकल घेताना तो मनाशी ठरवायचा की जुनी ज्ञानाला देऊ. दर वेळी जुनीची काहीतरी आठवण निघायची. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी त्याने ठरवायचंच सोडलं.

रविवारी पहाटे त्याने कार्बनची काढली. ही तिला द्यायची आणि परत एसटीने यायचं, असा बेत. करंजी घाट चढताना त्याने मनात भाषण तयार केलं. घाट संपला तेव्हा भाषणही संपलं होतं.

ज्ञानेश्वरीच्या अंगणात गुलाबी सायकल उभी होती. गुलाबी म्हणजे आठवणीत. डोळ्यांना ती विटकरी दिसत होती. टायर नव्हते, चेनचा गंजून दागिना झाला होता, बास्केटमध्ये चिखलाचा साचा बसला होता. पण ती स्टँडवर उभी होती. पंचवीस वर्षं गाळात राहून स्टँड शाबूत. अंगदने सवयीने भिंत शोधली. भिंतीला गोवऱ्या थापल्या होत्या. दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने आपली लाखाची सायकल त्या गंजक्या सायकलीला टेकवली.

"चहा ठिवलाय," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आधी बघ तरी. हुईल ना?"

"ज्ञाने, ही तुझ्यासाठी आणलीय," तो आपल्या सायकलकडे बोट दाखवून म्हणाला.

तिने कार्बनभोवती एक फेरी मारली. "ह्याला कॅरिअर न्हाई?"

"नाही."

"गवताचा भारा कुठं ठिवायचा मग? घंटी? स्टँड?"

"नाही."

"दुकानदारानं फशिवलं तुला, दादा."

अंगद हसायला गेला आणि बाहेर पडलं ते वेगळंच. "चोर नव्हते, ज्ञाने. मीच नेली होती. डोंगरात. ब्रेक गेले. मीच विहिरीत टाकली."

आत चहाचं आधण वाजत होतं. ज्ञानेश्वरीने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

"दोन जन हुते म्हनला हुतास."

"नव्हते."

"एकाच्या अंगात चट्टेरी सदरा हुता म्हनला हुतास."

"नव्हता."

"मी कारखान्यावर फडात चट्टेरी सदऱ्याचा कोनीबी दिसला की बघायची," ती म्हणाली. "एकदा एकाला दगड हानला. त्यो मुकादमाचा मेव्हना निघाला."

अंगदचा हात आपल्या कोपराकडे गेला.

"लागलं हुतं तेवढं तरी खरं का?"

"खरं."

"मग हळद फुकट न्हाई गेली," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, हिशोबातली एखादी बाकी जुळावी तसा. मग ती गुलाबी सायकलीपाशी आली.

अंगद पुढे झाला. "मी घेऊन जातो. चाक, चेन, सगळं नवं टाकतो. आठ दिवसांत पहिल्यासारखी करून..."

"तू हात लावू नको."

"ज्ञाने—"

"तुझ्याकडं सात हायेत. ह्येला हात लावू नको."

तिने पायाने स्टँड काढला. एकदा नाही निघाला, दुसऱ्यांदा निघाला. मग हँडल धरून ती सायकल घराकडे ओढू लागली. आधार गेला तशी कार्बनची सायकल आडवी झाली. इतकी हलकी, की पडल्याचा आवाजसुद्धा धड झाला नाही. गुलाबी सायकलीची चाकं फिरत नव्हती आणि पुढचं वाकडं चाक मागच्याच्या बाजूने घासत होतं. अंगणातून उंबऱ्यापर्यंत मातीत दोन रेघा उमटल्या. ज्ञानेश्वरी आत गेली. दार तिने लावलं नाही, पण चहाही आला नाही.

फोन वाजला. काकासाहेब.

"अंगदराव, स्टेजची लांबी मोजतोय. पहिली सायकल हयात आहे का?"

"आहे."

"मग आणा की! ती भाड्याचीच ना?"

"भाड्याची नव्हती. आणि माझी पण नव्हती. फॉर्म परत पाठवा, पाचवा प्रश्न चुकलाय."

"अहो, मग त्या भाड्यावर मी चार ओळींची कविता केलीय, तिचं काय करू? त्यात मिशावाला दुकानदार पण आहे."

अंगदने फोन खिशात टाकला. वाकून सायकल उचलली. गोवऱ्यांच्या भिंतीकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं. टेकवायला काही नव्हतं. म्हणून तो ती हाताने धरून अंगणात उभा राहिला, त्या दोन रेघांवर पाय पडणार नाही असा, जरा बाजूला.