माझ्या पाठीवरचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पंप म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पाणी येईल, पण पाण्याशी माझं काही घेणंदेणं नाही. मी मोटारगाडीचा पॉवर स्टिअरिंग पंप. इंजिनाच्या पट्ट्यावर गरगर फिरायचं आणि तेल जोराने पुढे ढकलायचं, हेच माझं काम. त्या तेलाच्या जोरावर स्टिअरिंग हलकं फिरतं. फिरवणाऱ्याला वाटतं, ताकद आपल्याच मनगटात आहे. मी कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेला धातू साच्यात ओतला, गार झाल्यावर तासला, आत पाती बसवली आणि शेवटी एका कामगाराने हातोडीने माझ्या पाठीवर नंबर उमटवला. चांगलाच दणका होता तो. पण कारखान्यात नंबर म्हणजे नाव, गाव, कूळ, सगळं काही. तो कोणता होता, हे मात्र मला विचारू नका. स्वतःची पाठ आजवर कोणाला वाचता आली आहे?

तिथून मी एका लांबलचक हिरव्या गाडीत आलो. गाडीचे मालक एका कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा माणूस. स्वतःच्या शोधायला वेळ कुठून मिळणार? घरात कोणता दिवा कधी मालवायचा, इथपासून सगळं तेच ठरवायचे. पुढे त्यांची नजर मंदावली. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आणि स्टिअरिंग मालकीणबाईंच्या हाती आलं. बाईंचं मनगट एकदा मोडून सांधलेलं. पिळलेला टॉवेल झटकतानाही त्या ओठ आवळायच्या. पण गाडीत बसल्या की एका हाताने अशा वळायच्या, की चौकातली माणसं बघत राहायची.

"अहो, काय मऊ आहे हो स्टिअरिंग!" पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या.

"दोन्ही हात ठेव," मालक म्हणाले. "आणि समोर ट्रक आहे."

"ते झाड आहे."

माझ्या वाट्याला आलेली स्तुती एवढीच. बाकी सगळी रंगाला गेली.

दर रविवारी आम्ही घाट चढून बाईंच्या धाकट्या बहिणीकडे जायचो. घरी मालक ठरवायचे आणि बाई ऐकायच्या. घाटात बाई वळायच्या आणि मालक दार घट्ट धरून बसायचे. एकूण हिशोब सरळ होता. संसार टिकतो तो असाच, कुठेतरी फिट्टंफाट झाली की.

मालक निवृत्त झाले आणि आमच्यावर संक्रांत आली. रिकामा माणूस आणि पॉलिश कागद एकत्र आले की काय होतं, ते मला विचारा. त्यांनी बंपर घासले, दारांच्या मुठी घासल्या, मग बॉनेट उघडून आत शिरले. मला खोलून टेबलावर ठेवलं आणि सकाळ-संध्याकाळ घासत बसले. प्रेमानेच घासत होते, यात शंका नाही. शेजारी बघायला आले.

"काका, आरसा केलात हो पंपाचा!"

"मग? तोंड बघून भांग पाडा," मालक म्हणाले.

माझी पाठ गुळगुळीत झाली. नंबर गेला. तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. आरशात सगळे आपापलं तोंड बघत होते.

मग म्हातारपण आलं. मी वळणावर कण्हू लागलो, तेल गाळू लागलो. आमच्या मेकॅनिकला सगळे ‘उद्या’ म्हणत, कारण त्याच्या तोंडी दुसरा वारच नव्हता. त्याने माझं सील बदललं, पुन्हा बदललं, शेवटी मला उघडून आत बॅटरी मारली.

"काकू, आतली भिंतच खरवडली गेलीय. याला आता शिवण घालून उपयोग नाही. दुसरा पंपच लागेल."

"कधी बसवशील?"

"मिळाला तर उद्या."

गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. भंगार बाजारात जे पंप मिळाले त्यांचे बोल्ट लावायचे कान आमच्या इंजिनावरच्या पट्टीवर बसेनात. अखेर फोनवर एक जुना दुकानदार सापडला. त्याच्याकडे आमच्या मॉडेलचे दोन पंप होते, न वापरलेले.

"दिसायला जुळे आहेत," तो म्हणाला. "पण एकाचा दाब कमी, एकाचा जास्त. कोणत्या गाडीला कोणता, ते नंबरावरूनच कळतं. माझ्याकडच्या चिठ्ठ्या गळून पडल्यात. तुमच्या पंपावरचा नंबर सांगा, तो जुळवून पाठवतो."

मालकांनी मला उलटं केलं. सुलटं केलं. खिडकीपाशी नेलं. चष्मा काढला, पुसला, घातला. माझ्या पाठीवर त्यांना त्यांचाच चेहरा दिसला.

बाई दारात उभ्या होत्या. "काय म्हणतायत?"

"काही नाही," मालक म्हणाले आणि फोनमध्ये सांगितलं, "नंबर कशाला हवा? दोघांचे फोटो पाठवा. इतकी वर्षं हाताळतोय, मी ओळखतो."

तपासनीस माणूस, नंबर आपण पुसला हे कसं सांगणार? ज्यांना समोरचं झाड ट्रक दिसायचं, त्यांनी फोटोतल्या जुळ्यांमधून एक निवडला.

नवा पंप आला, माझ्या जागी चपखल बसला. उद्याने चक्क आजच काम केलं. मला मागच्या सीटवर ठेवलं होतं, पाहुण्यासारखं. बाई बसल्या, गाडी सुरू केली, फाटकाशी वळायला हात टाकला. स्टिअरिंग जरासं हललं आणि अडून बसलं. बाईंनी दोन्ही हात लावले, ओठ आवळले. मग शेजारून मालकांचा हात आला आणि दोघांनी मिळून गाडी फाटकाबाहेर काढली. काढली म्हणजे, निम्मं कुंपण घेऊन काढली.

"दाब कमी आहे," उद्या हळूच म्हणाला. "दुसरा हवा होता."

मालकांनी तिथूनच फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"तो कालच गेला हो. नेणाऱ्याने नंबर सांगितला."

मालकांनी फोन खिशात ठेवला. मग मालक म्हणाले, "अगं, नंबर मीच घासून काढला होता."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "तुम्ही खिडकीपाशी गेलात तेव्हाच कळलं. म्हटलं, तुम्ही ओळखाल."

"टॅक्सीने जात जाऊ धाकटीकडे."

"टॅक्सीत मी सामान असते," त्या म्हणाल्या आणि किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

त्यानंतर पुष्कळ शोध झाला. जिथे फोन लागला तिथे पहिला प्रश्न तोच यायचा, नंबर काय? गेल्या महिन्यात एक जण हिरवी गाडी दोराने ओढून घेऊन गेला. सुटे भाग काढायला नेतोय, म्हणाला. बाई पाहायला बाहेर आल्या नाहीत. रविवारी आता त्या बहिणीशी फोनवर बोलतात. कोणत्या खोलीत कोणता दिवा चालू आहे, याकडे मालक आताशा बघत नाहीत.

मी खिडकीत असतो, वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून. चमकतो खूप. दुपारी मालक मला मांडीवर घेतात आणि अंगठ्याने माझी पाठ चाचपतात, कुठे एखादा आकडा हाताला लागतो का म्हणून.

"लागला का?" आतून बाई विचारतात.

"नाही."

मित्रांनो, आपल्या वस्तूंवर जीव लावा, त्यांना पुसा, तेलपाणी करा. पण घासायला बसण्याआधी त्यांची पाठ एकदा वाचा. आणि वाचायची राहिलीच, तर निदान विचारणाऱ्याला लगेच सांगा की राहिली. तेव्हा दुकानात दोन्ही पंप होते.