कृष्णाबाईचा टोप आणि तो लाडका कागद

मित्रांनो, मी राई गावातला एक जुना तांब्याचा टोप आहे. उचलायला दोन गडी लागतात असा. आणि सांगायला लाज कसली, मला एका कागदाचा हेवा वाटतो.

कृष्णाबाईच्या लग्नात तिच्या बापाने मला आंदण दिलं. त्यानंतर गावात एखादं लग्न माझ्याशिवाय झालं असेल तर दाखवा. भात शिजायचा माझ्यात, वाहवा व्हायची आचाऱ्याची. तेही सोसलं. कृष्णाबाई मला वर्षाच्या वर्षाला कल्हई लावून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. जाण्याआधी मृत्युपत्र केलं. "माझी खोली आन् हा टोप गावच्या लग्नांना. कोनाला न्हाय म्हनायचं न्हाय," असं सांगून तिने अंगठा उठवला.

कालचा तो कागद, पण त्याचे लाड बघा! त्याला प्लास्टिकची फाइल. रिक्षात त्याला मांडीवर जागा. तिचा पुतण्या धर्मा हात पुसून मगच त्याला शिवायचा. आणि मी खोलीत कुलपाआड. खोली आणि मला सांभाळायला गावाचा ट्रस्ट करायचा होता; त्याची नोंदणी होईपर्यंत एकही वस्तू हलवायची नाही, असं वकील हेमालीबाईंनी बजावलं होतं.

नोंदणी नावावर अडली. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. खोली बापाने लग्नाआधी घेतलेली, म्हणून ती तिच्या माहेरच्या नावावर, म्हणजे ठमीच्या. कागदावर मात्र कृष्णाबाई. दुसरीची खोली ही कशी दान करते, असं नोंदणी कचेरीतल्या साहेबांनी विचारलं. शाळेचा दाखला मागितला, तर ती शाळेत गेलीच नव्हती. जन्माचा मागितला, तर तो कुणी केलाच नव्हता.

तेवढ्यात धर्माच्या लेकीचं, सुलूचं लग्न ठरलं. दाराबाहेर बोलणं चाललं होतं, भाड्याचे अ‍ॅल्युमिनियमचे टोप आणायचे. पोचे पडलेले, पातळ बुडाचे, भात करपवणारे! माझ्या घरच्या लग्नात! माझा नुसता जळफळाट झाला.

एके दिवशी हेमालीबाई वस्तूंची यादी करायला आल्या. सुलूने माझ्या काठावरची धूळ फडक्याने पुसली आणि ती थांबली. काठावर अक्षरं होती. मला वाचता येत नाही. इतकी वर्षं मी ती नक्षीच समजत होतो. कृष्णाबाईही तसंच समजायची.

सुलूने बोट फिरवत वाचलं, "ठमी ऊर्फ कृष्णाबाई हिस लग्नात बाबांकडून."

"धर्माभाऊ, हा घ्या तुमचा दाखला," हेमालीबाई म्हणाल्या.

धर्मा माझ्याशेजारीच खाली बसला. "आन् मी येड्यावानी हापिसं धुंडत व्हतो."

माझा फोटो निघाला. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं. साहेबांनी नोंदणी केली, तीही सुलूच्या हळदीच्या आदल्या दिवशी.

लग्नाचा भात माझ्यातच शिजला. तेव्हा तो कागद कपाटात पडून होता. भूक लागल्यावर त्याला कोण विचारतो? पण एक कबूल करतो. तो नसता, तर मी आज भंगारात असतो.

म्हणून मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या बायकांची दोन्ही नावं त्या असतानाच लिहून घ्या. आणि जुनं भांडं घासाल, तेव्हा त्याचा काठही वाचा.