हे उघड आहे

"शिफारसपत्रात 'मेहनती' एवढंच लिहा, सर. 'हुशार' नको," योगिनी म्हणाली. "चिपळूणच्या ज्युनियर कॉलेजातल्या नोकरीला तेवढं पुरेल."

संदेश सुर्वे सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मांडवीची ही पोर म्हणजे त्यांची आजवरची सगळ्यात तल्लख विद्यार्थिनी. चार वर्षांपूर्वी ती पीएच.डी.साठी बंगळूरला निघाली, तेव्हा सरांनी मोठ्या कौतुकाने स्वतःचा प्रबंध तिच्या हातात ठेवला होता. विषय सममित अवकाशांचा. कुठल्याही बिंदूपाशी उभं राहा, अवकाश सारखाच दिसणार. आणि तिथलं कितीही गुंतागुंतीचं फलन, म्हणजे फंक्शन, साध्या लहरींमध्ये सुटं करायचं. रत्नागिरीत हे समजणारी माणसं दोनच असावीत, आणि ती दोघं आता समोरासमोर बसली होती.

"पण संशोधन का सोडतेस?"

"तुमचं तिसरं प्रमेय घेऊन पुढे जायचं होतं ना. दोन वर्षं झाली, सर. एका दिशेत सगळं बसतं. दोन दिशा घेतल्या, की जिथे छेद शून्याकडे जातो तिथे संकलन हाताबाहेर जातं. गाईड म्हणतात, छापलेलं प्रमेय आहे, तुझंच कुठेतरी चुकतंय." ती कसनुसं हसली. "चुकतच असणार. माझी तेवढी कुवतच नाही."

तिचं काहीच चुकत नव्हतं. प्रबंधात सरांनी एका दिशेची सिद्धता नीट दिली होती आणि पुढे लिहून टाकलं होतं, 'अनेक दिशांसाठीही हेच खरे, हे उघड आहे.' परीक्षकांनी माना डोलावल्या, नियतकालिकाने छापलं. अकरा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत सहज एक उदाहरण करून बघताना त्यांना कळलं, की ते उघड तर नाहीच, चक्क खोटं आहे. त्यांनी वही मिटून कपाटात ठेवली. आपला प्रबंध वाचतंय कोण! मग ही निघाली. तिच्या तोंडून 'सर, तुमचं प्रमेय' ऐकायला इतकं गोड वाटत होतं, की तेव्हाही सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, त्यांनी सांगितलं नाही.

ते उठले. कपाटातली वही काढून तिच्यासमोर उघडून ठेवली, आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिच्याकडे बघायची त्यांना लाज वाटत होती.

बराच वेळ नुसती पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"यावर तारीख अकरा वर्षांपूर्वीची आहे."

"हो."

"म्हणजे मी जायच्या आधीच..."

"हो."

"आम्ही पेपरात 'उघड आहे' लिहिलं, की तुम्ही दोन मार्क कापायचात, सर."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. ती ओरडली नाही. "नियतकालिकाला कळवा," एवढंच म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

सरांनी कॉम्प्युटर लावला. प्रमेय तीन खोटे आहे, असं लिहिलं. मग जरा थांबून, तिने न सांगताच, पुढचं वाक्य लिहिलं : हे मला अकरा वर्षांपूर्वीच कळले होते. मेल गेली. शिफारसपत्राचा कागद कोराच राहिला. योगिनीने वही आपल्या पिशवीत टाकली. "ही मला लागेल. परत जाते मी बंगळूरला."

तेवढ्यात दारात हाक आली. योगिनीची आई, सखू. लेक बंगळूरला गेल्यापासून दर शनिवारी बाजार उरकला की बाजूला काढून ठेवलेली चांगली मासळी ती सरांकडे पोचवत असे.

"सर, सुरमय आणलीय. ताजी हाय."

"आज नको, वयनी."

"नको कशी? तुमी पोरीला वाटेला लावलात. आमी आडानी मानसं, आमाला काय कळतंय त्यातलं?"

सरांचा हात पुढे होईना. योगिनीने आईच्या हातातून पिशवी घेतली, आत नेऊन ओट्यावर ठेवली आणि सरांकडे न बघता बाहेर आली. "चल आई."

पायऱ्यांवरून सखूचा आवाज आला. "सरांच्या पाया पडलीस काय गो?"

पायऱ्यांवरची पावलं थांबली.

"पडले, आई."

आत ओट्यावर पिशवीतलं पाणी ठिबकत होतं. सर दारातच उभे राहिले.