सतराची गोळी

किटलीचं झाकण खडखडू लागलं. ऑर्लाने गॅस बंद केला, बापाच्या, वेंडेलच्या, कपात कॉफी ओतली आणि पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला घेतला.

"काल कायोटी हुकलीच म्हणायची," वेंडेल म्हणाला.

"हो ना. नेम चुकला."

कालही ती हेच म्हणाली होती.

नेम चुकला नव्हता. काल दुपारी तान्ह्या गसचा नुकता डोळा लागला होता, आणि व्यायला आलेल्या मेंढ्यांच्या कुंपणापाशी कोल्ह्यासारखी, कोकरं पळवणारी कायोटी घुटमळताना दिसली. कपाटात तीन बंदुका; गोळीच्या जाडीच्या आकड्यावरून त्यांची नावं. दोनशे त्रेचाळीसची मोठी; तिच्या आवाजाने घर हादरतं. दोनशे तेवीसची खास कायोटींसाठीच ठेवलेली, पण तीही काही हळू बोलणारी नव्हे. ऑर्लाने सतराची उचलली. चिमुकली गोळी, टाळी वाजवावी तेवढा आवाज. माळावर बिळं करणाऱ्या खारी टिपायची ती बंदूक. कायोटी दीडशे पावलांवर होती. बार उडाला, ती केकाटली, स्वतःच्याच खांद्याचे लचके तोडत गरगरली आणि तीन पायांवर झुडपांत शिरली. गसने कूसही बदलली नाही.

या भागात रीत आहे: जनावर जखमी केलं तर मागावर जायचं, बर्फ पडत असला तरी. नेम चुकला तर घरी बसता येतं. ऑर्ला घरी बसली होती. पोराला पाजलं, भाकरी-स्टू केला, जेवलीसुद्धा.

"सतराच्या नळीला दारूचा वास येतोय," वेंडेल कपावर फुंकर घालत म्हणाला. "खारी तर अजून बिळातच आहेत. माझ्या टोपीवर नेम धरला होतास की काय?"

ऑर्लाला हसू आलं नाही. "बाबा, तिला लागली होती. खांद्यात."

वेंडेलने कप खाली ठेवला. "हाडावर फुटते ती गोळी! आत जातच नाही. कितीदा सांगितलं तुला, बिनडोक पोरी?" मग तो खुर्चीवरून उठला. "गसपाशी मी बसतो. दोनशे तेवीसची ने. तू सुरू केलंस, तूच संपव."

ऑर्लाची चार वर्षांची लेक टिली तोवर ट्रकमध्ये चढून बसलीही होती. उतरायला तयार होईना.

उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यांवर रक्ताचे थेंब होते, मग नव्हते, मग पुन्हा होते. मैलभर गेल्यावर एका घळीच्या कडेला कायोटी दिसली. टिलीला ट्रकमध्येच बसवून ऑर्ला पुढे गेली. कायोटीने डोकं उचललं, पण उठली नाही. धडधाकट पंजाने खरवडून खरवडून तिच्या पुढ्यात हातभर खळगा झाला होता. एवढी कडक जमीन तासाभरात उकरली जात नाही.

ऑर्लाने एकच बार टाकला. या वेळी काहीच हललं नाही.

ती परत आली तेव्हा टिली काचेला नाक लावून बसली होती.

"मेली?"

"हो गं राणी."

"आता दुखत नाही ना तिला?"

"नाही. आता नाही."

टिलीने थोडा विचार केला. "आणि आधी किती वेळ दुखत होतं?"