मी आकसलो नव्हतो

मी एक जुना काळा बूट आहे. उजवा. डावा माझ्याशेजारीच पडलेला असतो, पण त्याला बोलायचा कंटाळा, म्हणून दोघांच्या वतीनं मीच सांगतो. खरं तर कंटाळा मलाही आला आहे. उमेदीची सगळी वर्षं उभ्यानं घालवल्याचा शीण पडून राहिल्यानंही जात नाही. पण मित्रांनो, माझ्यावर एक खोटा आळ आला होता. तो पुसल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. कातडं कापलं, लाकडी साच्यावर ताणलं, टाके घातले, तळ चिकटवला. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिरानं मला अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि तो म्हणाला, "हा टिकेल." एवढं कौतुक पुढं माझ्या वाट्याला फारसं आलं नाही.

मला विकत घेतलं एका मुलीनं. घरी तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. काचसामानाच्या एका मोठ्या दुकानात तिला नुकतीच नोकरी लागली होती. दुकानाचे नियम कडक होते. पायात काळे बंद बूट हवेत, आणि गिऱ्हाईक असो वा नसो, काउंटरमागं बसायचं नाही. ताईचे बाबा रक्तदाबामुळं घरी होते, आई घर सांभाळायची, धाकटी बहीण शाळेत होती, घर ताईच्या पगारावर चालत होतं. नोकरी अजून कायम झाली नव्हती, त्यामुळं ती नियम अगदी जिवापाड पाळायची.

सुरुवातीला आमचं छान जमलं. "अगदी मापात बसलेत," ती सगळ्यांना सांगायची. मग एके दिवशी दुपारपासून मी तिला चावायला लागलो. संध्याकाळी तिनं मला काढून भिरकावलं. "मेला आकसला!"

माझी रवानगी मोचीकाकांकडे झाली. त्यांनी पोटात लाकूड घालून मला ताणलं. दुखलं, पण बोलतो कुणाला? परत आलो, तर काही दिवसांतच ताईचा पाय माझ्यात खेळू लागला. मी सैल! मग माझ्यात जाड तळवा घातला. महिना उलटला आणि मी पुन्हा घट्ट. मोचीकाका वैतागले.

"ताई, बुटात भूत शिरलंय का? आवळून देऊ की ताणून देऊ, एकदाचं काय ते ठरवा."

ताई हसली खरी, पण ओशाळून. बदल माझ्यात होत नव्हता. महिन्यातले काही दिवस तिचे पाय सुजायचे. मोज्याच्या रबराचा वळ खोल उमटायचा. कपडे कमरेला आवळायचे, चेहरा जड दिसायचा. मग आपोआप सगळं ओसरायचं. आपण फार खातो असं तिला वाटलं, म्हणून तिनं जेवण निम्म्यावर आणलं आणि भूक लागली की खारे दाणे तोंडात टाकू लागली. मग वाटलं, अंगात पाणी भरतंय म्हणजे पाणीच जास्त होतंय. पाण्याची बाटली घरी राहू लागली. हे पाळीच्या आधी होतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण विचारायचं कुणाला? त्या घरात पाळी हा शब्द दार लावून, आवाज खाली करून बोलायचा होता. मी जमिनीवर राहणारा बूट आहे. धूळ, चिखल सगळं पाहिलंय. त्या शब्दात कुजबुजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

मग तो दिवस आला. दुकानाच्या मोठ्या बाई त्या दिवशी ताईची नोकरी कायम करायची की नाही, ते ठरवणार होत्या. आणि सकाळी मी पायात शिरेना. ताई रडकुंडीला आली. बाबांना डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याची गोळी दिली होती, तीच तिनं कुणाला न सांगता घेतली. वर पाण्याचा घोटही नाही. पाय कसाबसा माझ्यात कोंबून ती निघाली.

दुपारी तिच्या हातात पेल्यांचा ट्रे होता. माझ्यातला पाय थरथरला, मग गुडघा वाकला. मी जमेल तेवढा तोल सावरला, पण बूट किती सावरणार? ताई कोसळली. पेल्यांचा चक्काचूर झाला.

मोठ्या बाई धावत आल्या. आधी त्यांनी मला काढलं, मग तिचे पाय पाहिले. "अगं, असल्या पायांनी उभी होतीस होय? तोंडातून शब्द काढायचा की!"

दवाखान्यात आई घाबरीघुबरी होऊन आली. मी आईच्या पिशवीत होतो. डॉक्टरीणबाईंनी सकाळपासून काय घेतलं ते विचारलं, तेव्हा ताईनं गोळीचं सांगितलं. मग त्यांनी पाळीचं विचारलं.

"पाळीच्या आधी हार्मोन्स वरखाली होतात," त्या म्हणाल्या. "तेव्हा शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. पाळी आली की सोडतं. पुष्कळ जणींना होतं हे. पाणी तोडायचं नाही. खारट कमी कर, थोडं चालत जा, घरी गेल्यावर पाय उशीवर ठेव. पाळीनंतरही सूज राहिली, एकाच पायाला आली किंवा दम लागला, तर लगेच यायचं. आणि दुसऱ्याची गोळी पुन्हा घेतलीस तर माझ्याशी गाठ आहे!"

आई बोटातली अंगठी फिरवत बसली होती. "माझीही अंगठी त्या दिवसांत निघत नाही," ती हळूच म्हणाली.

ताई बघतच राहिली. "आई, कधी बोलली नाहीस?"

"त्यात काय बोलायचं, असं वाटायचं गं."

मला फार वाईट वाटलं. एवढीशी गोष्ट एकाच घरात दोघी वेगवेगळ्या सोसत होत्या.

ताईची नोकरी कायम झाली. मोठ्या बाईंनी काउंटरमागं एक उंच स्टूल आणून ठेवलं. आधी त्या स्वतःच त्यावर टेकल्या आणि "हुश्श" म्हणाल्या. ताईनं मुद्दाम सुजेच्या दिवसांत, संध्याकाळी जाऊन नाडीचे नवे बूट घेतले. हवे तेव्हा सैल, हवे तेव्हा घट्ट. मी कपाटाखाली गेलो. धूळ बसली, कातडं तडकलं. मला कुणी विचारलं नाही. असो.

परवा धाकटी चप्पल आपटत घरात आली. "आई, माझी चप्पल आकसली!"

मग आईचा आवाज आला, चांगला मोठा, बाबांनाही ऐकू जाईल असा. "चप्पल नाही आकसली. पाळी जवळ आलीय का तुझी? बस इथं, पाय वर घे." मग वाकून तिनं मला बाहेर ओढलं आणि पदरानं पुसलं. "या बिचाऱ्याला आम्ही असंच उगाच बोल लावत होतो."

मित्रांनो, बूट चावला तर मोच्याकडे न्या, पण आधी पायाची विचारपूस करा. आणि घरात कुणी पाय चोळत बसलेलं दिसलं, तर आवाज खाली न करता विचारा. माझ्यावरचा आळ गेला. आता मला जरा पडू द्या.